छंदाची वर्गणी : एक हिशेब

वैद्यकीय व्यवसायातील मनुष्य वर्गणीला सहसा बिचकत नाही. वैद्यक परिषदेची नोंदणी, व्यावसायिक संघटनेची शाखावर्गणी, आपापल्या विशेषशाखेच्या अखिल भारतीय संस्थेचे शुल्क, व्यवसायातील दाव्यांसाठी घेतलेल्या विम्याचा हप्ता, झालेच तर गणेशोत्सव आणि महाराष्ट्र मंडळ; ह्या साऱ्यांचे धनादेश तो वर्षानुवर्षे फारसा विचार न करता फाडत आलेला असतो. ह्यांतील किती संस्थांच्या सभांना आपण गेलो, किती नियतकालिकांची वेष्टने फोडली, असा प्रश्न त्याला कोणी विचारीत नाही आणि तोही स्वतःला विचारीत नाही. परंतु निव्वळ छंदासाठी पैसे मोजण्याची वेळ आली, की हाच गृहस्थ एकाएकी काटेकोर होतो. ‘ह्यातून मिळणार काय?’ हा त्याचा पहिला प्रश्न. प्रश्न वाजवी आहे. तो इतर वर्गण्यांच्या बाबतीतही विचारला जावा, असे मला वाटते. पण तो विषय येथे नको.

आपल्या बडोद्यातील एका ज्येष्ठ शल्यचिकित्सकांनी गेल्या वर्षी शस्त्रक्रिया करणे थांबविले. हात अजून स्थिर आहेत, पण रात्रीअपरात्रीचे बोलावणे नको, असे त्यांचे म्हणणे. मुलगा व सून परदेशी. वहिनींचे भजनी मंडळ आणि वाचनालय ठरलेले. रिकाम्या सकाळींचे काय करावे ह्या विवंचनेत असता त्यांना पक्ष्यांची गोडी लागली. प्रथम आवारातले शिंपी आणि बुलबुल, मग कमाटी बाग, मग डभोई तालुक्यातील वढवाणा तलाव. एके दिवशी ते मला म्हणाले, “मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद व्हावे म्हणतो. आजीव वर्गणी भरू, की फुकट मिळते त्यावरच भागवू? हिशेबाने सांगा, भावनेने नको.”

वरवर पाहता प्रश्न काही हजार रुपयांचा होता. चाळीस वर्षे ज्याची ओळख हातातल्या कामावरून ठरली, त्याने पुढची वर्षे कोणाच्या पंक्तीत बसावे, हा त्याच्या पोटात दडलेला दुसरा प्रश्न. पहिल्याचे उत्तर त्रैराशिकाने देता येते. दुसऱ्याचे तसे देता येत नाही. तथापि त्यांनी हिशेब मागितला होता, म्हणून हिशेबाकडेच प्रथम वळू.

ज्या संस्थेची वर्गणी भरावी की न भरावी असा विचार ते करीत होते, तिच्या जन्माशी आपल्या व्यवसायाचा फार जवळचा संबंध आहे आणि तो आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसतो. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ निसर्गप्रेमी एकत्र आले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. ह्या आठांपैकी चौघांच्या नावाआधी डॉक्टर ही उपाधी आहे. आणि जे दोघे हिंदी होते, ते दोघेही मराठी डॉक्टर. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे धाकटे बंधू आणि १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे एक संस्थापक. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची सूची करणारे वनस्पतितज्ज्ञ. हे सखाराम अर्जुन म्हणजे रखमाबाईंचे सावत्र वडील. ज्या रखमाबाई पुढे विलायतेत वैद्यक शिकल्या आणि ज्यांनी आपल्या ह्या गुजरातेत, सुरत व राजकोट येथे, दीर्घकाळ रुग्णसेवा केली, त्यांचे.

आरंभी ही मंडळी भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयात महिन्यातून एकदा जमत. कोणी मेलेला साप बाटलीत घालून आणी, कोणी फुलपाखरू, कोणी नुसती शंका घेऊन येई. जानेवारी १८८४ मध्ये फिप्सन नावाच्या मद्यव्यापाऱ्याने आपल्या दुकानातील जागा संस्थेला दिली. १८८६ पासून संस्थेचे ‘जर्नल’ निघू लागले. १९०८ साली सलीम अली नावाचा एक मुलगा आपण पाडलेल्या, गळ्यावर पिवळा डाग असलेल्या चिमणीची ओळख पटवून घेण्यासाठी संस्थेचे मानद चिटणीस मिलर्ड ह्यांच्याकडे गेला, ही कथा आता सर्वश्रुत आहे. त्या मुलाने त्या दिवशी वर्गणी भरली नव्हती, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. परंतु कोणी तरी भरली होती, म्हणूनच खोलीत पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे होती आणि उत्तर देणारा माणूस होता.

आता आजचे पाहू. मुंबईच्या किल्ला भागातील हॉर्नबिल हाउस ही संस्थेची वास्तू. तेथे ग्रंथालय आहे, लाखाहून अधिक नमुन्यांचा संग्रह आहे. सभासदाला ‘हॉर्नबिल’ हे नियतकालिक, ग्रंथालयाचा लाभ, सहली व शिबिरांत सवलत, ग्रंथखरेदीत सूट अशा गोष्टी मिळतात. कुलाब्यात किंवा दादरला राहणाऱ्यास हा सौदा निःसंशय फायद्याचा. बडोदेकराचे मात्र तसे नाही. मुंबई येथून सुमारे ४०० किलोमीटर. रविवारी पहाटे शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी पाहण्यासाठी जमणाऱ्या मंडळींत सामील व्हायचे, तर शनिवारची रात्र गाडीत काढावी लागेल. ग्रंथालयाचे म्हणावे, तर जर्नलचे जुने खंड आता घरबसल्या संगणकावर विनामूल्य वाचता येतात. तेव्हा केवळ मिळणाऱ्या सुविधांची किंमत मांडली, तर आपल्या बाजूचा ताळा तुटीचा येतो. हे मी त्या डॉक्टरसाहेबांना स्पष्टपणे सांगितले.

फुकट मिळणाऱ्या गोष्टींनाही कमी लेखण्याचे कारण नाही. बडोद्याने तर नाहीच लेखू नये. १९१० साली सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास येथे बोलावून राज्यभर मोफत वाचनालयांचे जाळे विणावयास घेतले. आणि योगायोग असा, की वढवाण्याचा तलावही त्याच साली, शेतीच्या पाण्यासाठी, महाराजांच्याच कारकिर्दीत बांधला गेला. २०२१ मध्ये त्याला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात तेथे मोठ्या लालसरी आणि चक्रवाक पाहावयास कोणाचेही सभासदत्व लागत नाही. पक्षी ओळखण्याच्या कामी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने तयार केलेले ‘मर्लिन’ हे साधन भ्रमणध्वनीवर विनाशुल्क मिळते. त्याच प्रयोगशाळेच्या ‘ई-बर्ड’वर आपल्या नोंदी जमा करता येतात, त्याही विनाशुल्क. आणि ह्या नोंदी वाया जात नाहीत. २०२३ साली प्रसिद्ध झालेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी दिलेल्या तीन कोटींवर नोंदींवर आधारलेला आहे. त्यांतील बहुसंख्य लोक हौशी. मराठीतून वाचावयाचे असेल, तर मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ कपाटात असावा. त्याला एकदाच पैसे पडतात.

मग पैसे खर्चायचेच असतील तर पहिल्यांदा कशावर? माझे उत्तर ठाम आहे : दुर्बिणीवर. आणि येथे डॉक्टरांना थोडे शरीरशास्त्र आठवावे लागेल. दुर्बिणीवर ८ × ४२ असे आकडे असतात. पहिला आकडा किती पट मोठे दिसते त्याचा, दुसरा पुढील भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले, की डोळ्याकडील बाजूने बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास मिळतो. येथे तो सव्वापाच मिलिमीटर. विक्रेता सांगतो, की हा व्यास जितका मोठा तितके चित्र उजळ. तरुण माणसाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत विस्फारते, तेथे हे खरे. पासष्टी ओलांडलेल्याची बाहुली संधिप्रकाशातही पाचाच्या पुढे जाईलच असे नाही, आणि भर दिवसा ती दोन-तीन मिलिमीटरच असते. म्हणजे जादा प्रकाश बाहुलीबाहेर, परितारिकेवर पडून व्यर्थ जातो. आमच्यासारख्यांना ८ × ३२, म्हणजे चार मिलिमीटरची शलाका देणारी, हलकी दुर्बीण पुरते. आणि मानेच्या मणक्यांची कुरकुर असणाऱ्याला तो वजनातील फरक तासाभरात कळतो. दहापट किंवा बारापट दाखविणारी घेऊ नये, हात कितीही स्थिर असला तरी ती चित्र थरथरवते. चष्मा लावणाऱ्याने डोळ्यापासून निदान पंधरा मिलिमीटर अंतरावरूनही पूर्ण दृश्य दिसते ना, एवढे दुकानातच तपासून घ्यावे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व्हावयाची असेल तर ती आधी उरकावी; धूसर भिंगामागे उत्तम दुर्बीण काय करणार!

कानांची गोष्टही सांगून टाकतो. वयाबरोबर उच्च वारंवारतेचे स्वर प्रथम जातात, हे आपण रुग्णांना सांगत असतो. फुलटोच्या, पर्णवटवट्या ह्यांचे आवाज नेमके त्याच पट्टीतले. झाडावर वटवट्या बोलत असतो आणि आपल्याला वाटते, की आज झाड मुके आहे. पन्नाशीनंतर पक्ष्यांचा छंद लागलेल्या माणसाने शेजारी कोणी तरुण असावा अशी व्यवस्था करावी. भ्रमणध्वनीवरील यंत्रही आवाज ऐकून नाव सांगते, पण ते चुकले तर ‘नाही हो, हा तो नव्हे’ असे म्हणणारा मनुष्य लागतोच.

आता आजीव वर्गणीचे गणित. समजा एखाद्या संस्थेची वार्षिक वर्गणी हजार रुपये आहे आणि आजीव पंधरा हजार. हे आकडे केवळ उदाहरणादाखल. पंधरा वर्षांनी पैसे वसूल, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. परंतु तेच पंधरा हजार सहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला नऊशे रुपये व्याज येते. शंभराची भर घालून वार्षिक वर्गणी भागते आणि मुद्दल शाबूत राहते. अर्थात वर्गणी वाढत जाते, त्यामुळे गणित इतके सोपे राहत नाही. तरी तिशीतल्या सभासदाला जे फायद्याचे, ते अडुसष्टाव्या वर्षी फायद्याचे नव्हे, एवढे निश्चित. आजीव सभासदत्व ही त्या वयात बचत नसते, ती देणगी असते. देणगी म्हणून द्यावयाची असेल तर अवश्य द्यावी. स्वस्तात पडते म्हणून देऊ नये. शिवाय ‘आजीव’ म्हणजे कोणाचे आयुष्य, हाही प्रश्न आहेच. कितीतरी मराठी नियतकालिकांनी उत्साहाने आजीव वर्गणीदार जमविले, ती रक्कम दोन-चार वर्षांच्या कागदात नि छपाईत खर्ची पडली, आणि ती नियतकालिके आपल्या वर्गणीदारांच्या आधी निवर्तली. वर्षाला वर्गणी मागणाऱ्या संस्थेला दरवर्षी आपले तोंड दाखवावे लागते; हे दोघांच्याही प्रकृतीला चांगले.

हिशेबाची दुसरी बाजू मात्र सुविधांच्या यादीत सापडत नाही. तिचे एक उदाहरण आपल्या औषधांच्या कपाटातलेच आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

आपल्या लहानपणी गावाबाहेर मेलेल्या जनावराभोवती गिधाडांची दाटी असे. त्यांची कोणी गणती करीत नसे. कावळे मोजतो का कोणी? डॉ. विभू प्रकाश ह्या सोसायटीच्या संशोधकाने मात्र १९८०च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात त्यांची मोजणी केली होती. पुढल्या दशकात ते तेथेच परत मोजावयास गेले, तेव्हा घरटी रिकामी पडत चाललेली दिसली. गिधाडे माना खाली टाकून बसलेली, मग झाडावरून कोसळलेली. १९९९ साली त्यांचा निबंध सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. साथीचा रोग असावा असा प्रथम अनेकांचा तर्क होता. २००४ मध्ये पाकिस्तानात काम करणाऱ्या संशोधकांनी ‘नेचर’ ह्या नियतकालिकात कारण प्रसिद्ध केले : डायक्लोफेनॅक. आपण गुडघेदुखीला रोज लिहून देतो तेच. दुखणाऱ्या गुराला ते टोचले जाई, गुरू दगावले तर त्याच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात जाई, आणि त्याची मूत्रपिंडे बंद पडत. पक्ष्यांमध्ये नत्राचे उत्सर्जन युरिक आम्लाच्या रूपाने होत असल्यामुळे मूत्रपिंड थांबताच यकृतावर, हृदयाच्या आवरणावर पांढरे खडूसारखे थर जमतात. शवविच्छेदनात हा आंतरिक गाउट पाहिल्यावर चित्र उलगडले. १९९२ ते २००७ ह्या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्के नाहीशी झाली. हजारात एक उरले.

२००६ साली भारत सरकारने पशुवैद्यकात ह्या औषधावर बंदी आणली. तरी माणसांसाठी विकली जाणारी तीस मिलिलिटरची मोठी कुपी गुरांना टोचली जातच होती. म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीचे इंजेक्शनही तीन मिलिलिटरच्या एकमात्र कुपीपुरते मर्यादित केले गेले. आपल्या दवाखान्यातून ती मोठी कुपी का नाहीशी झाली, ह्याचे कारण हे. २०२३ मध्ये अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि कीटोप्रोफेन ही औषधेही गुरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे हे मधल्या काळात सिद्ध झाले होतेच.

सभासदांच्या वर्गणीतून हे सारे संशोधन झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यात सरकारी अनुदाने होती, परदेशी संस्थांचे साहाय्य होते. वर्गणीने काय साधले ते वेगळे. छातीत दुखते म्हणून आलेल्या रुग्णाचा कार्डिओग्राम विचित्र दिसला, की आपण पहिली गोष्ट विचारतो : जुना आहे का? जुना नसेल तर हा बदल आजचा की वीस वर्षांपूर्वीचा, हे ठरविता येत नाही. भरतपूरला जुना कार्डिओग्राम होता. तो काढणारा मनुष्य, तो जपणारी संस्था, आणि नवा निष्कर्ष छापणारे नियतकालिक, अशी तिन्ही एका छपराखाली टिकून होती. आणि ते छप्पर शंभरांहून अधिक वर्षे ज्यांनी उभे ठेवले, त्यांत पक्ष्यांतले फारसे काही न कळणारे, नुसती वर्गणी पाठविणारे लोकही पुष्कळ होते. विनामूल्य नोंदी गोळा करणाऱ्या नव्या साधनांनाही हे छप्पर कोणी तरी पुरवीत असते. तेथे पैसे देणारा आपल्याला दिसत नाही, एवढेच.

हे ऐकून डॉक्टरसाहेब काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे भरू म्हणता?”

मी त्यांना उलट विचारले, की गेल्या वर्षी आपण होऊन, कोणी बरोबर नसताना, किती सकाळी बाहेर पडलात? वही ठेवता का? आणि गावातल्या कोणाला न सुटलेली अशी एखादी शंका तुमच्यापाशी आहे का? माझ्या मते वर्गणीचा निर्णय ह्यावर होतो. ज्याला रोज सकाळी सुंदर पक्ष्यांची छायाचित्रे पाहावयास हवीत, त्याला ती मित्रमंडळींकडून हवी तेवढी येत राहतात. त्याने पैसे भरू नयेत. वर्गणी भरल्यामुळे आपण नियमित होऊ, अशी आशा बाळगणाऱ्यानेही भरू नयेत. व्यायामशाळेचे वर्षाचे शुल्क फेब्रुवारीतच बुडविणारे रुग्ण आपण सर्वांनी पाहिले आहेत. ज्याची वही आधीच अर्धी भरलेली आहे आणि जो शंकेने अस्वस्थ आहे, त्याला मात्र मोठ्या संस्थेची गरज लागते आणि संस्थेला त्याची.

ह्याहून एक नाजूक बाब आहे. डॉक्टर मनुष्य जेथे जातो तेथे डॉक्टर म्हणून जातो. विवाहसमारंभात त्याला रक्तदाब विचारतात, सत्यनारायणाच्या प्रसादाबरोबर मधुमेहाचे अहवाल हाती येतात. ज्या मंडळींत त्याच्या पदव्यांना कवडीची किंमत नाही, जेथे बारावीतला मुलगा त्याची चूक काढू शकतो, अशी मंडळी त्याला पैसे देऊनही सहसा मिळत नाहीत. मुंबईच्या संस्थेच्या सभासदत्वाने ती बडोद्यात आपोआप मिळतील असे नाही. त्यासाठी जवळची माणसे शोधावी लागतात. गुजरातेत बर्ड कन्झर्वेशन सोसायटी आहे, तिचे ‘फ्लेमिंगो’ हे पत्र पाहण्यासारखे असते. वनखात्यातर्फे हिवाळ्यात पाणपक्ष्यांची गणना होते, तीत स्वयंसेवक लागतात. माझा सल्ला असा होता, की पहिले वर्ष जवळच्यांना द्यावे, मुंबईची वर्गणी एकच वर्षाची भरावी, आणि आजीवचा विचार वर्ष संपल्यावर करावा.

त्यांनी तसेच केले. दुर्बीण ८ × ३२ घेतली, विक्रेत्याचा विरोध पत्करून. जानेवारीत वढवाण्याच्या काठावर एका महाविद्यालयीन मुलीच्या जोडीला ते मोजणीस उभे होते. त्यांनी वेगळी जात म्हणून टिपलेले तपकिरी बदक पाहून ती म्हणाली, “अंकल, ही लालसरीची मादीच आहे. वेगळी नका धरू.” त्यांनी नोंद खोडली, दुरुस्त केली आणि खाली तिचे आद्याक्षर घातले, शस्त्रक्रियागृहातील नोंदवहीत खाडाखोड करताना करीत तसे.

नूतनीकरणाचे स्मरणपत्र अजून यावयाचे आहे. वहीच्या शेवटच्या पानावर ते बाहेर पडलेल्या प्रत्येक सकाळीची एक रेघ ओढतात. श्रावणात पावसामुळे खंड पडला होता. मागच्या आठवड्यापर्यंत एकेचाळीस रेघा झाल्या होत्या, त्यांपैकी अकरा वढवाण्याच्या.